किमान शिक्षेच्या मागणीवर मत बनवण्यापूर्वी : एखादी शिक्षा कलमापासून तुरुंगाच्या दारापर्यंत कशी तपासावी

पुण्यात रात्रीच्या वेळी कोयते नाचवत गाड्या फोडल्याची किंवा कुणाला लुटल्याची घटना घडली, की दोन-चार दिवसांत सोसायट्यांच्या बैठकांतून आणि वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रांतून एक मागणी हमखास पुढे येते : अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवा आणि ती कमी करण्याची मुभा न्यायाधीशाला ठेवू नका. या मागणीमागची भीती खरी असते आणि संतापही रास्त असतो. मात्र मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध सही करण्यापूर्वी, कायद्यात लिहिलेली शिक्षा प्रत्यक्षात कोणाकोणाच्या हातातून जाते, हे स्वतः तपासून पाहणे सामान्य नागरिकाला अवघड नाही. ते कसे करावे, हे या लेखात सांगितले आहे. कायद्याचे विद्यार्थी, नागरिक मंडळांचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या घरातील कुणी फिर्यादी किंवा आरोपी म्हणून खटल्यात अडकले आहे अशी कुटुंबे, या सर्वांना ही पद्धत उपयोगी पडेल.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला ते बाजूला ठेवून तपासणी करता येईल. कायद्यात किमान शिक्षा ठरवून दिल्याने ‘किती’ हा निर्णय घेण्याचा अधिकार संपत नाही. तो न्यायाधीशाकडून निघतो आणि कलम लावणारे पोलिस, दोषारोपपत्र पुढे रेटणारे सरकारी वकील, आणि शेवटी शिक्षेत सूट देणारे तुरुंग प्रशासन व शासन यांच्याकडे जातो. न्यायाधीश आपली कारणे खुल्या न्यायालयात लिहून देतो आणि त्यांवर अपील करता येते. बाकीच्यांच्या निर्णयांना बहुतेक वेळा ही शिस्त नसते. म्हणून कोणत्याही मागणीबाबत पहिला प्रश्न असा असावा : हा अधिकार न्यायाधीशाकडून काढून आपण नेमका कोणाला देत आहोत?

कलम वाचण्याची रीत

मूळ कायद्याची प्रत समोर ठेवल्याशिवाय या वादात उतरू नये. अप्पा बळवंत चौकात कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात ती मिळते आणि केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावरही ती वाचता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने आणि फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू होते, त्यामुळे गुन्हा कधी घडला हे पाहूनच पुस्तक उघडावे.

कलमातील शिक्षेचे वाक्य चारपैकी एका प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात फक्त वरची मर्यादा असते : साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, खालची मर्यादा नाही. दुसऱ्या प्रकारात किमान शिक्षा असते, पण पुरेशी आणि विशेष कारणे नोंदवून तिच्याखाली जाण्याची वाट न्यायालयाला मोकळी ठेवलेली असते. तिसऱ्या प्रकारात ही वाट बंद असते. चौथ्या प्रकारात एकच शिक्षा लिहिलेली असते आणि निवड उरतच नाही. जुन्या दंड संहितेचे कलम ३०३ या चौथ्या प्रकारातले होते : जन्मठेप भोगत असलेल्या व्यक्तीने खून केल्यास फाशी, दुसरा पर्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ते घटनाबाह्य ठरवले. अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ३१-अ मध्येही ठरावीक गुन्हा पुन्हा करणाऱ्याला फाशी बंधनकारक होती; २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ऐच्छिक मानावी असा निर्णय दिला आणि २०१४ च्या दुरुस्तीने संसदेने कायद्याचे शब्दही तसेच बदलले. म्हणजे एकमेव शिक्षा आणि किमान शिक्षा यांत आपल्या न्यायालयांनी फरक केला आहे. एकमेव फाशी टिकत नाही, किमान मुदत सहसा टिकते. वादात या दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

खुनाचे कलमही या दृष्टीने वाचून पाहावे. त्यात फाशी किंवा जन्मठेप एवढेच पर्याय आहेत, त्यामुळे खुनाला जन्मठेप हीच किमान शिक्षा आहे आणि ती १८६० पासून तशीच आहे. ‘आपल्याकडे किमान शिक्षाच नाहीत’ असे विधान कुणी केले, तर त्याला हे कलम दाखवावे. नव्या न्याय संहितेने तर काही ठिकाणी नव्याने किमान मुदती घातल्या आहेत. दुसऱ्यांदा चोरी सिद्ध झाल्यास किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे. सदोष मनुष्यवधाच्या गंभीर प्रकाराला, जन्मठेप दिली नाही तर, किमान पाच वर्षे आहेत.

एकच घटना, तीन कलमे

आता कोयत्याचेच उदाहरण घेऊ. समजा, रात्री अकरा वाजता सिंहगड रस्त्यावर दोन तरुणांनी एका माणसाला अडवले, एकाने कोयता दाखवला आणि दुसऱ्याने मोबाइल हिसकावला. माणसाला इजा झाली नाही. न्याय संहितेच्या कलम ३०४ प्रमाणे ही हिसकावून केलेली चोरी ठरली, तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. कलम ३०९ प्रमाणे जबरी चोरी ठरली, तर दहा वर्षांपर्यंत (रात्री महामार्गावर घडली असे ठरल्यास चौदा वर्षांपर्यंत) आहे आणि खालची मर्यादा नाही. कलम ३११ प्रमाणे प्राणघातक शस्त्र वापरून केलेली जबरी चोरी ठरली, तर सात वर्षांहून कमी शिक्षा देता येत नाही. शस्त्र ‘वापरले’ याचा अर्थ वार केला असाच होत नाही, धाक दाखवण्यासाठी ते उगारले तरी पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलम ३९७ बाबत १९७५ मध्येच सांगितले आहे. ही सात वर्षांची किमान शिक्षा ज्याच्या हातात शस्त्र होते त्यालाच लागू होते, बरोबरच्या साथीदाराला नाही, असाही त्या कलमाचा अर्थ न्यायालयाने लावला आहे.

आता स्वतःला विचारावे : वरील घटनेत तीन वर्षांपर्यंत की सात वर्षांपासून पुढे, हे कोणी ठरवले? फिर्याद नोंदवून घेताना ‘कोयता दाखवला’ हे वाक्य जबाबात आले की नाही, कोयता जप्त झाला की नाही, पंच साक्षीत टिकले की नाही, यांवर ते ठरले. न्यायाधीशापर्यंत प्रकरण पोहोचते तेव्हा मोठा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. पोलिसांनी प्रामाणिकपणे काम केले तरी हे खरेच असते, कारण हा निर्णय रात्री ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, घाईत आणि वकिलांच्या अनुपस्थितीत होतो.

तपासणीची पद्धत म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला घटनेतील प्रत्येक बाब लिहावी (शस्त्र, इजा, वेळ, माणसांची संख्या, पूर्वीची शिक्षा) आणि उजव्या बाजूला ती बाब वगळली किंवा जोडली तर कलम कोणते लागते व किमान मुदत किती बदलते हे लिहावे. जिथे एका बाबीने मुदत एकदम उडी घेते, ती जागा लाल शाईने खुणावावी. त्याच जागी दबाव, तडजोड आणि पैसा शिरण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, आणि फिर्यादीच्या नातेवाइकांनी व आरोपीच्या वकिलाने दोघांनीही तिथेच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९९९ च्या या कायद्यात संघटित गुन्ह्याला किमान पाच वर्षांची कैद आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. हा कायदा लावायचा की नाही हे मात्र पोलिस दलातील वरिष्ठ ठरवतात : नोंद करण्यापूर्वी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी अपर पोलिस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची. ही दुहेरी चाळणी चांगली आहे, आणि इतर किमान शिक्षांच्या कायद्यांत ती का नाही, हा प्रश्न नागरिकांनी विचारण्याजोगा आहे.

वजनावर ठरणारी वर्षे

अमली पदार्थांच्या खटल्यांत ही उडी ग्रॅममध्ये मोजता येते, म्हणून अभ्यासाला हा कायदा सर्वांत सोयीचा आहे. १९८५ च्या मूळ कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना सरसकट किमान दहा वर्षे होती. किरकोळ व्यसनी आणि मोठा व्यापारी एकाच तराजूत तोलले जात आहेत हे लक्षात आल्यावर २००१ च्या दुरुस्तीने तीन पायऱ्या केल्या. गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, वीस किलोहून अधिक असेल तर व्यापारी प्रमाण. हेरॉइनसाठी हेच आकडे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम आहेत, आणि पुण्याच्या बातम्यांत वारंवार येणाऱ्या मेफेड्रोनसाठी दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा व कमाल वीस वर्षे व किमान एक लाख रुपये दंड.

म्हणजे एकोणपन्नास ग्रॅम मेफेड्रोन बाळगणाऱ्याला न्यायाधीश दोन वर्षे देऊ शकतो आणि एक्कावन्न ग्रॅम बाळगणाऱ्याला दहाच्या खाली जाऊ शकत नाही. शिवाय २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मिश्रणाचे पूर्ण वजन मोजायचे, त्यात शुद्ध अमली पदार्थ किती हे पाहायचे नाही. त्यामुळे एखाद्याने माल वाढवण्यासाठी त्यात इतर पूड मिसळली असेल, तर त्या पुडीचे वजनही त्याच्या वर्षांत जमा होते. या कायद्यात दिलेल्या शिक्षेला सूटही मिळत नाही. कलम ३२-अ ने ती काढून घेतली आहे. दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार तेवढा परत दिला, सूट नाकारणारा भाग कायम ठेवला.

अशा खटल्याचा निकाल वाचताना शिक्षेच्या पानाआधी जप्तीचा पंचनामा वाचावा : वजन कुठे केले, कोणत्या काट्यावर, पिशवीसह की पिशवीविना, नमुना कधी काढला. दहा वर्षांचा खरा निर्णय त्या परिच्छेदात असतो.

किमान शिक्षेच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा

येथवर वाचून किमान शिक्षा सर्वथा चूक आहेत असे वाटले असेल, तर थांबावे आणि बलात्काराच्या कलमाचा इतिहास पाहावा. १९७२ मध्ये विदर्भातील एका पोलिस चौकीत आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या, मथुरा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, त्यांत उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांच्यासह पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर १९८३ ची दुरुस्ती झाली आणि बलात्काराला किमान सात वर्षे, तर पोलिस कोठडीतील व सामूहिक बलात्काराला किमान दहा वर्षे आली. मात्र कारणे नोंदवून त्याखाली जाण्याची वाट ठेवली होती.

त्या वाटेचे पुढे काय झाले, हे प्रत्येक विरोधकाने प्रामाणिकपणे वाचले पाहिजे. हरियाणातील दोन पोलिसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पीडितेच्या ‘वर्तना’चा हवाला देऊन दहा वर्षांची किमान शिक्षा पाच वर्षांवर आणली. आरोपी तरुण आहे, कुटुंबात तो एकटा कमावता आहे, आता मुलीचे लग्न झाले आहे, दोन्ही पक्षांत समेट झाला आहे, अशी कारणे ‘विशेष’ म्हणून पुढे केली जात राहिली. २०१३ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली आणि २०१८ मध्ये किमान मुदत सातवरून दहा वर्षे झाली. ज्यांना न्यायाधीशांच्या विवेकावर सरसकट भरवसा आहे, त्यांनी या निकालांना उत्तर द्यायला हवे. मला स्वतःला ते उत्तर सोपे वाटत नाही. जिथे सत्ताधारी आणि पीडित यांच्यातील बळाचा फरक मोठा असतो, तिथे मोकळा विवेक अनेकदा बलवानाच्या बाजूने झुकला आहे, आणि किमान शिक्षेची मागणी अशा अनुभवातूनच आली आहे.

त्याच मार्गावर पुढे काय घडले, हेही मग तितक्याच काळजीने पाहावे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम ८ मध्ये किमान तीन वर्षे आहेत. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, त्वचेचा त्वचेला थेट स्पर्श झाला नाही असे म्हणून, आरोपीला त्या कलमातून सोडले आणि किमान एक वर्षाच्या विनयभंगाच्या कलमाखाली शिक्षा दिली. शिक्षा कठोर असल्याने पुरावाही अधिक काटेकोर हवा, असा युक्तिवाद त्या निकालातच होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला, ही समाधानाची गोष्ट. पण किमान शिक्षा टाळता येत नाही तेव्हा गुन्ह्याची व्याख्याच आकसवण्याचा मोह कसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण मे २०२५ चे आहे. पश्चिम बंगालमधील एका खटल्यात अल्पवयीन मुलगी आरोपीबरोबर गेली होती, नंतर दोघांचा संसार उभा राहिला होता आणि त्यांना मूल होते. दोषसिद्धी कायम ठेवली तर कायद्याप्रमाणे वीस वर्षे अटळ होती. सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधील असाधारण अधिकार वापरून त्याला तुरुंगात न पाठवण्याचा आदेश दिला. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. शिवाजीनगरच्या विशेष न्यायालयासमोर असेच जोडपे आले, तर त्या न्यायाधीशाकडे एकही दार नाही, आणि दिल्लीपर्यंत पोहोचण्याची ऐपत किती कुटुंबांकडे असते?

दहा वर्षे म्हणजे किती वर्षे

न्यायालयाने उच्चारलेली मुदत आणि तुरुंगात प्रत्यक्ष गेलेले दिवस यांत मोठा फरक पडतो. आदेशाचा शेवटचा भाग समोर ठेवून पुढील क्रमाने हिशेब करावा.

आधी पाहावे की वेगवेगळ्या कलमांखालील शिक्षा एकत्र भोगायच्या आहेत की एकामागून एक. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ प्रमाणे गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून न्यायालयाने ते सांगायचे असते. मग खटला चालू असताना न्यायाधीन बंदी म्हणून काढलेला काळ वजा करावा. कलम ४६८ तसा हक्क देते. समजा, कलम ३११ खाली सात वर्षे आणि दुसऱ्या कलमाखाली तीन वर्षे, दोन्ही एकत्र, आणि आरोपीने निकालापूर्वी दोन वर्षे चार महिने येरवड्यात काढले आहेत. उरतात चार वर्षे आठ महिने. चांगल्या वागणुकीची व कामाची सूट मिळेल तसे त्यातून दिवस कमी होतील. संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे, दिवस शिक्षेत मोजले जातात. अभिवचन रजेचे, म्हणजे पॅरोलचे, मोजले जात नाहीत आणि तेवढे दिवस मागाहून भोगावे लागतात.

दंडाची ओळ बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि गरीब कुटुंबाला तीच सर्वांत महाग पडते. ‘दंड न भरल्यास सहा महिने साधी कैद’ असे लिहिले असेल, तर हे सहा महिने मूळ शिक्षेनंतर सुरू होतात. महाराष्ट्रातील मोक्काच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की दंड न भरल्याबद्दलची कैद इतर शिक्षांबरोबर एकत्र चालवता येत नाही. कायद्याने दंडाचीही किमान रक्कम ठरवली असेल, तर दोन आरोपींना मिळालेली सारखी शिक्षा प्रत्यक्षात सारखी राहत नाही : ज्याच्याकडे एक लाख रुपये आहेत तो आधी सुटतो.

जन्मठेपेचा हिशेब वेगळा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. वीस वर्षांचा जो आकडा लोक सांगतात तो केवळ शिक्षेचे अपूर्णांक काढण्यासाठी कायद्यात आहे. फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला मुदतपूर्व सुटका करता येत नाही, आणि चौदा वर्षांनंतर सुटका हा हक्क नाही, सरकारच्या धोरणानुसार होणारा निर्णय आहे. त्यातच २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून आणि २०१५ च्या श्रीहरन निकालाने पक्की झालेली आणखी एक रीत आहे : उच्च आणि सर्वोच्च न्यायालये फाशीऐवजी वीस, पंचवीस किंवा तीस वर्षे सूट न देता तुरुंगवास ठरवू शकतात. हीसुद्धा निश्चित मुदतीचीच शिक्षा आहे, फक्त ती कायदेमंडळाऐवजी न्यायालयाने निर्माण केली आहे. किमान शिक्षेच्या वादात तिचा उल्लेख क्वचित होतो, तो व्हायला हवा.

येरवड्याशी जोडलेला सर्वपरिचित खटला घेऊन हा हिशेब करून पाहावा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणात अभिनेता संजय दत्त याला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील विशेष न्यायालयाने शस्त्रास्त्र कायद्याखाली सहा वर्षे दिली होती. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षे केली. त्या कलमात तेव्हा पाच वर्षे हीच किमान मुदत होती आणि परिविक्षेची, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याची, विनंती न्यायालयाने मान्य केली नाही. आधी तुरुंगात काढलेले सुमारे दीड वर्ष वजा जाता साडेतीन वर्षे उरली. मे २०१३ मध्ये तो शरण आला आणि सूट धरून फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून सुटला, म्हणजे सुमारे पावणेतीन वर्षांनी, आणि त्या काळातील त्याच्या रजांवर बराच गदारोळ झाला. किमान शिक्षेने न्यायाधीशाचे हात बांधले, पण रजा आणि सूट देणाऱ्यांचे हात मोकळेच होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कलमाची किमान मुदत सात वर्षे झाली. रजा आणि शिक्षेतील सूट यांचा कारभार त्या दुरुस्तीच्या कक्षेतच नव्हता.

मागणी कशी लिहावी

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्य विधिमंडळाने केंद्रीय कायद्याशी विसंगत दुरुस्ती केली, तर तिला राष्ट्रपतींची संमती लागते. महिला व बालकांवरील अत्याचारांना अधिक कडक शिक्षा सुचवणारे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, पण ती संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. म्हणून आमदाराला निवेदन देताना कोणत्या कायद्यात आणि कोणाच्या अधिकारात बदल हवा आहे, हे आधी ठरवावे.

निवेदनात ‘किमान दहा वर्षे’ एवढेच लिहू नये. वाट बंद हवी की मोकळी, आणि मोकळी असेल तर तिच्यावर कोणती बंधने हवीत, हे लिहावे. माझ्या मते दुसऱ्या प्रकाराची तरतूदच बहुतेक ठिकाणी योग्य आहे, पण १९८३ च्या चुकीतून शिकून : कोणती कारणे चालणार नाहीत (पीडितेचे पूर्वचरित्र, समेट, लग्नाचा प्रस्ताव) हे कायद्यातच लिहावे, आणि किमान मुदतीखाली दिलेल्या प्रत्येक शिक्षेचा आदेश आपोआप उच्च न्यायालयाकडे तपासणीसाठी जावा. विवेकाचे दार अगदी बंद करण्याची गरज नसते, हे २०२१ च्या लखवीर सिंग निकालानेही दाखवले. कलम ३९७ ची सात वर्षांची किमान मुदत असूनही सर्वोच्च न्यायालयाने तरुण आरोपींना १९५८ च्या परिविक्षा कायद्याचा लाभ दिला. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र अठरा वर्षांवरील बहुतेक आरोपींना तो कायदाच वगळतो, त्यामुळे ज्या कायद्यात दुरुस्ती मागायची त्यात परिविक्षेबद्दल काय लिहिले आहे ते आधी पाहावे.

शिक्षेतील विषमता हीच तक्रार असेल, तर तिच्यावर किमान मुदतीशिवाय दुसरा उपायही आहे. फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्ये शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी वैधानिक समिती असावी अशी शिफारस केली होती. ती अजून अमलात आलेली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० पासून असे मंडळ काम करते : अनेक गुन्ह्यांसाठी शिक्षेचा आरंभबिंदू, ती वाढवणारी आणि घटवणारी कारणे छापलेली असतात, आणि न्यायाधीश त्यापासून दूर गेला तर का गेला हे सांगतो. अमेरिकेने १९८६ मध्ये उलट दिशा धरली. पाच ग्रॅम क्रॅकला (कोकेनच्या खडारूप प्रकाराला) आणि पाचशे ग्रॅम कोकेन पावडरीला सारखीच किमान पाच वर्षे ठेवली, त्याचा भार बहुतांशी कृष्णवर्णीयांवर पडला आणि शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एकवर आणावे लागले. चूक दुरुस्त व्हायला चोवीस वर्षे लागली, कारण किमान मुदत वाढवणे मतदारांना आवडते आणि कमी करण्याचे नाव काढायला कोणताही पक्ष धजावत नाही.

म्हणून निवेदनाचे शेवटचे कलम तपासणीचे असावे. किमान शिक्षा लागू झाल्यापासून पाच वर्षांनी गृह विभागाने दोन्ही सभागृहांपुढे जिल्हावार आकडे ठेवावेत : ते कलम किती एफआयआरमध्ये लागले, दोषारोपपत्रात किती ठिकाणी गळले, आरोप निश्चितीच्या वेळी किती ठिकाणी बदलले, किती जणांना बरोबर किमान मुदतच मिळाली, किती निर्दोष सुटले आणि दोषी ठरलेल्यांपैकी किती जण दंड भरता न आल्यामुळे अधिक काळ आत राहिले. हे आकडे येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात खुल्या सुनावण्यांना कुणालाही बसता येते, बलात्काराची आणि पोक्सोची प्रकरणे बंद दाराआड चालतात, आणि अनेक निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मिळतात. एका कलमाचे वीस-पंचवीस निकाल घेऊन एफआयआरमधील कलमे, आरोप निश्चितीची कलमे, सिद्ध झालेली कलमे, शिक्षा आणि न्यायाधीन काळ असे पाच रकाने भरावेत. आमदारांच्या कार्यालयात निवेदनाबरोबर तो तक्ता जोडून द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.